न दिसणाऱ्या प्रकाशाची दीपगृहे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा ‘स्पंदक तारे आणि त्यांचे गॅमा किरण’ असे आम्ही सांगितले. चालक क्षणभर थांबले आणि मग अतिशय सौजन्याने म्हणाले, “विषय उत्तमच आहे, पण जरा सोपे करून सांगाल ना?” आम्ही होकार दिला. आता दिलेला शब्द पाळणे भाग आहे. वैशाखाच्या उकाड्यात घरचा पंखा सोडून आपण येथे येऊन बसला आहात. त्या कष्टाची भरपाई समीकरणांनी होणार नाही, हे आम्हाला कळते. म्हणून फळ्यावर आज एकही समीकरण लिहिणार नाही. मात्र विचार करण्याचे श्रम आपल्याला वाचविता येणार नाहीत. ते अर्धे आमचे, अर्धे आपले.

आमच्यापुढे तीन प्रश्न आहेत. स्पंदक तारा म्हणजे काय? तो गॅमा किरण कसे आणि कोठून सोडतो? आणि हे सारे माणसाला कळले कसे? यांपैकी तिसरा प्रश्न लोक बहुधा विचारीत नाहीत. आम्हाला मात्र तोच सर्वांत मोलाचा वाटतो. वैज्ञानिकांनी अमुक शोध लावला, असे वर्तमानपत्रात वाचून आपण विश्वास ठेवतो. तो विश्वास कशावर उभा आहे, हे पाहिले नाही तर विज्ञान आणि पंचांगातले भविष्य यांत वाचणाऱ्याच्या दृष्टीने फरक उरत नाही.

पहिल्या प्रश्नाची सुरुवात आपल्या मुंबई बंदरातून करता येते. १९३० सालच्या जुलैअखेर सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण मुंबईहून बोटीने विलायतेस निघाला. वाटेत त्याने एक गणित केले. इंधन संपलेला तारा स्वतःच्या भाराखाली आकसतो, तो किती जड असला म्हणजे श्वेतबटू या अवस्थेत टिकून राहू शकणार नाही, असा तो प्रश्न होता. पुढे नक्की झालेले उत्तर असे की, सूर्याच्या सुमारे १.४ पट ही मर्यादा आहे. त्यापलीकडे आकसणे थांबत नाही. मग पुढे काय होते? १९३४ साली वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी सुचविले की, मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर केवळ न्यूट्रॉन कणांचा बनलेला एक अतिशय लहान गोळा मागे राहत असावा. न्यूट्रॉनचा शोध लागून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. पुष्कळांनी ही कल्पना ऐकली आणि सोडून दिली, कारण असला गोळा आकाशात कोणाला दिसणार?

त्या गोळ्याची मापे ऐका. वजन सूर्यापेक्षा थोडे अधिकच. पण व्यास पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर. म्हणजे एखाद्या मोठ्या शहराच्या पसाऱ्याएवढ्या जागेत अख्खा सूर्य कोंबून बसविलेला. त्यातला बोराएवढा तुकडा काढता आला, तर त्याचे वजन कोट्यवधी टन भरेल. आता, फिरणारा माणूस पसरलेले हात छातीशी घेतो तेव्हा जोराने फिरू लागतो, हे आपण सर्कशीत पाहिलेले आहे. तारा आकसतो तेव्हाही हेच घडते. ताऱ्याचा हजारो किलोमीटरांचा गाभा दहा-बारा किलोमीटर त्रिज्येवर आला, म्हणजे त्याची गिरकी सेकंदाला कित्येक फेऱ्यांवर जाते. त्याचे चुंबकत्वही आकसून दाट होते. पृथ्वीचे चुंबकत्व अर्ध्या गॉसच्या आसपास आहे. या गोळ्यांचे सामान्यतः एक लाख कोटी गॉसच्या घरात असते.

कागदावरचा हा गोळा आकाशात सापडला तो अपेक्षा नसताना. केंब्रिज येथे जोसेलिन बेल ही विद्यार्थिनी अँटनी ह्यूइश यांच्या हाताखाली संशोधन करीत होती. साडेचार एकर शेतात खांब पुरून, तारा ताणून उभी केलेली रेडिओ-दुर्बीण तिने इतरांच्या बरोबरीने स्वतःच्या हातांनी बांधली होती. यंत्र रोज सुमारे शंभर फूट कागदावर रेघ ओढी आणि ती रेघ ही मुलगी डोळ्यांनी तपाशी. १९६७ साली तिला पाव-अर्धा इंच जागेत एक वेडीवाकडी खूण दिसली. तशी खूण आकाशाच्या त्याच भागाकडून पूर्वीही आली होती, हे तिला आठवले. नोव्हेंबरअखेरीस कागद जोरात फिरवून पाहिला, तेव्हा खुणेचे ठोके वेगळे झाले. दर १.३३७ सेकंदाला एक ठोका. घड्याळाने लाजावे इतका नियमित. परग्रहावरचे लोक तर बोलावीत नसतील ना, अशी थट्टाही झाली. पण लवकरच आकाशाच्या दुसऱ्या टोकाला दुसरा ठोकेवाला सापडला आणि थट्टा मिटली. फेब्रुवारी १९६८ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. १९७४ साली त्यासाठी नोबेल पारितोषिक ह्यूइश यांना मिळाले. त्यांच्याबरोबर रेडिओ-ज्योतिषातील कार्यासाठी मार्टिन राइल यांचा गौरव झाला. बेलबाईंचे नाव त्यात नव्हते. २०१८ साली त्यांना तीस लाख डॉलरचे एक वेगळे पारितोषिक देण्यात आले, ते सगळे त्यांनी ज्यांना संधी मिळत नाही अशा पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकले. यावर आम्ही अधिक बोलणार नाही. बोलण्याची गरज आहे असे वाटत नाही.

तारा ठोके का देतो? दीपगृहाचा दिवा विझत-पेटत नसतो. तो फिरत असतो, आणि झोत आपल्या अंगावरून गेला की आपल्याला लकाकी दिसते. स्पंदक तारा असाच फिरतो. त्याचे ‘स्पंदन’ हा आपल्या पाहण्याचा परिणाम आहे.

याची खात्री १९६८ सालीच पटली. वृषभ राशीत एक अंधुक धुराच्या पुंजक्यासारखी अभ्रिका आहे, तिला इंग्रजीत खेकड्याचे नाव दिलेले आहे. १०५४ सालच्या जुलै महिन्यात चिनी ज्योतिष्यांनी तेथे एक ‘पाहुणा तारा’ पाहिला. तो तेवीस दिवस भर दिवसाही दिसत होता. त्या स्फोटाचा धूर म्हणजे ही अभ्रिका. तिच्या पोटात एक स्पंदक तारा सापडला. तो सेकंदाला सुमारे तीस फेऱ्या घेतो. श्वेतबटू तारा इतक्या वेगाने फिरू लागला तर फुटून विखरून जाईल. तेव्हा हा न्यूट्रॉनचा गोळाच असला पाहिजे. शिवाय तो हळूहळू मंदावत आहे. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतल्या सुमारे छत्तीस भागांनी त्याची फेरी दररोज लांबते. एवढीशी ती सुस्ती! पण गोळा इतका जड आणि फिरणे इतके जोराचे की, या सुस्तीतून जी शक्ती बाहेर पडते ती लाखाहून अधिक सूर्यांच्या बरोबरीची आहे. स्फोटाला साडेनऊशेहून अधिक वर्षे झाली तरी ही अभ्रिका का तेवते, हे कोडे ज्योतिषांना फार दिवस छळत होते. तिचा खर्च आणि ताऱ्याची तूट यांचा हिशेब जुळला आणि कोडे सुटले. म्हणजे हा तारा वडिलोपार्जित भांडवल खाऊन जगणारा आहे. त्याला नवे उत्पन्न नाही; गिरकी हीच त्याची इस्टेट.

आता दुसरा प्रश्न. हे भांडवल तो कोणत्या रूपाने खर्च करतो? प्रथम सापडले ते रेडिओ-तरंग. पण ते म्हणजे या खर्चातली चिल्लर. नोटा उडतात त्या गॅमा किरणांत. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणात दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा असते. ज्या गॅमा किरणांविषयी आम्ही बोलत आहो, त्यांच्या एकेका कणात दहा कोटी, शंभर कोटी, कधी हजारो कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात.

सायकलच्या दिव्याचा डायनॅमो आपण जाणता. चुंबक फिरला की वीज उत्पन्न होते. स्पंदक तारा हा सेकंदाला अनेकदा फिरणारा प्रचंड चुंबक आहे, म्हणून त्याच्याभोवती प्रचंड विद्युत्-दाब उत्पन्न होतो. तो दाब विद्युत्-कणांना पृष्ठभागावरून उपटून काढतो आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळवितो. पण कण मोकाट पळू शकत नाहीत. त्यांना चुंबकीय रेषांच्या रुळांवरूनच जावे लागते, आणि ते रूळ वाकडे आहेत. वाकड्या वाटेने इतक्या वेगाने धावणारा विद्युत्-कण किरण सोडतोच, आणि ते किरण गॅमा जातीचे असतात. त्या गॅमा किरणांतल्या काहींपासून पुन्हा इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या जोड्या जन्मतात. त्या जोड्या पुन्हा धावतात, पुन्हा किरण सोडतात. एका दाण्याची अनेक कणसे व्हावीत तसा हा प्रकार आहे.

परंतु हे शेत ताऱ्याभोवती नेमके कोठे आहे, यावर विद्वानांत अनेक वर्षे वाद होता. एक पक्ष म्हणे, किरण ताऱ्याच्या चुंबकीय ध्रुवांवरून, अगदी पृष्ठभागाजवळून निघतात. दुसरा पक्ष म्हणे, ते दूर, वातावरणाच्या कडेशी निघतात. ही कडा कोणती? ताऱ्याबरोबर त्याचे चुंबकीय वातावरणही फिरते. जितके दूर जावे तितका फिरण्याचा वेग अधिक. एका अंतरावर तो प्रकाशाच्या वेगाइतका होईल. त्यापलीकडे ताऱ्याबरोबर कोणालाच फिरता येणार नाही. वृषभ राशीतल्या ताऱ्यासाठी हे अंतर भरते केवळ सोळाशे किलोमीटर. एवढ्या लहान अंगणात हा सारा खेळ, आणि तो आपण पाहतो साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरून! इतक्या दुरून अंगणाचा कोपरा कसा ओळखावा?

तो ओळखण्याची युक्ती निघाली. प्रखर चुंबकीय क्षेत्रातून गॅमा किरण जाऊ लागला, तर तो सुरक्षित बाहेर पडत नाही. त्याची जोडी होऊन तो नाहीसा होतो. किरण जितका ऊर्जावान, तितका हा धोका मोठा. यात्रेच्या ऐन गर्दीतून कोणी डोक्यावर मडक्यांची उतरंड घेऊन निघाला आणि सगळी मडकी धड घेऊन बाहेर आला, तर आपण काय अनुमान कराल? तो गर्दीतून आलाच नाही, बाहेरच्या रस्त्याने आला. तसेच येथे. किरण जर पृष्ठभागाजवळून निघत असतील, तर अमुक ऊर्जेच्या वर ते एकदम तुटल्यासारखे बंद झाले पाहिजेत. कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा येथील मॅजिक दुर्बिणीने २००८ साली वृषभातल्या ताऱ्याचे अडीच हजार कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचे ठोके टिपले. त्याच वर्षी आकाशात गेलेल्या फर्मी उपग्रहाने इतर ताऱ्यांच्या किरणांचा उतार मोजला. तोही एकदम तुटणारा नव्हता. मडकी धड होती. किरण दूरवरून, अंगणाच्या कडेशी निघतात, हा पक्ष सरस ठरला.

आता हा विजयी पक्षही निश्चिंत झोपू शकत नाही. मॅजिकने २०१६ साली याच ताऱ्याचे दीड लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतचे ठोके जाहीर केले, आणि २०२३ साली नामिबियातील हेस दुर्बिणींनी दक्षिणेकडील व्हेला या ताऱ्यापासून वीस लाख कोटींपर्यंतचे. इतकी ऊर्जा कणांना कोठे आणि कशी मिळते, कडेच्या आत की बाहेर, यावर आज विचार चालू आहे.

आता आमचा आवडता तिसरा प्रश्न : हे कळले कसे? पहिली अडचण, गॅमा किरण पृथ्वीच्या वातावरणातून खाली येत नाहीत, आणि ते एका अर्थी आपले भाग्यच. म्हणून यंत्र वर न्यावे लागते. दुसरी अडचण, हे किरण आरशाने किंवा भिंगाने एकत्र करता येत नाहीत. फर्मी उपग्रहावरच्या यंत्रात टंगस्टनचे पातळ पत्रे आहेत. किरण त्यावर आदळून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी होते, सिलिकॉनच्या पट्ट्या त्या जोडीची वाट नोंदवितात आणि खालचे स्फटिक तिची ऊर्जा मोजतात. एक किरण, एक नोंद : कोठून आला, केव्हा आला, किती ऊर्जेचा.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. हे किरण फार थोडे येतात. फर्मीला २००८ साली एका जुन्या स्फोटाच्या अवशेषात एक तारा सापडला, तो सेकंदाला तीनदा फिरतो. त्याच्याकडून यंत्राला किरण मिळतो मिनिटाला सुमारे एक! म्हणजे तारा जवळजवळ एकशे नव्वद फेऱ्या घेतो तेव्हा एक किरण हाती लागतो. मग तो सेकंदाला तीनदा फिरतो हे कसे सांगता?

अशी कल्पना करा. दूर डोंगरापलीकडे रात्रभर कोणी तबलजी एकाच लयीत त्रिताल वाजवीत बसला आहे. वारा उलटा असल्यामुळे आवर्तनांमागून आवर्तने जातात तेव्हा एखादी थाप आपल्या कानी येते. आपण इमाने प्रत्येक थापेची वेळ वहीत टिपून ठेवली. सकाळी आपण एक आवर्तन अमुक सेकंदांचे असेल असे धरून चालतो आणि प्रत्येक थाप आवर्तनाच्या कोणत्या मात्रेवर पडली ते काढतो. अंदाज चुकला असेल, तर थापा सगळ्या मात्रांवर सारख्या विखुरतात. अंदाज बरोबर असेल, तर त्या समेवर गोळा होतात. मग दुसरा अंदाज, तिसरा अंदाज, हजारावा, कोट्यवधीवा. गणकयंत्र हेच करते. त्यात आणखी एक खोच आहे. आपण ऐकणारे स्वस्थ बसलेले नाही. आपली पृथ्वी सूर्याभोवती फिरते आहे. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यावयास प्रकाशाला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो, म्हणून वर्षभरात किरणांच्या वेळा कित्येक मिनिटांनी मागेपुढे होतात. त्या सुधारून घ्यावयाच्या तर ताऱ्याची जागा अगदी नेमकी ठाऊक पाहिजे. जागा चुकली की वेळा चुकल्या, वेळा चुकल्या की सम हरवली.

हे सारे मनात ठेवून आता एक गोष्ट ऐका. हिच्यासाठीच आम्ही हा विषय निवडला.

नोव्हेंबर १९७२ मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातील तळावरून सॅस-२ नावाचा लहानसा अमेरिकन उपग्रह सोडण्यात आला. पुढच्या जूनमध्ये त्याचे यंत्र बिघडले. जेमतेम सात महिन्यांचे आयुष्य. तेवढ्यात त्याने गॅमा किरणांचे तीन ठळक ठिपके पाहिले. एक वृषभातला तारा, दुसरा व्हेला. हे दोघे रेडिओ-तरंगांमुळे ओळखीचे होते. तिसरा ठिपका मिथुन राशीत होता आणि त्या जागी ओळखीचे कोणीच नव्हते. रेडिओत काही नाही, दुर्बिणीत काही नाही. १९७५ साली गेलेल्या युरोपीय कॉस-बी उपग्रहाने तो ठिपका पुन्हा पाहिला. म्हणजे भास नव्हता. जिओव्हानी बिन्यामी हे इटालियन ज्योतिषी मिलानचे. त्यांनी याला ‘गेमिंगा’ असे नाव दिले. मिथुनेतला गॅमा-उगम असा त्याचा अर्थ लागतो. पण मिलानच्या बोलीत त्याच उच्चाराचा अर्थ होतो, ‘ते तेथे नाही’!

‘नाही’ या नावाच्या त्या ताऱ्यामागे माणसे वीस वर्षे लागली. मध्यंतरी काहींना वाटले, ठेका सापडला, एकोणसाठ सेकंदांचा. दुसऱ्यांनाही आपल्या नोंदींत तोच दिसल्यासारखा वाटला. किरण थोडे आणि शोधणारा उत्सुक, म्हणजे विखुरलेल्या थापांतही सम ऐकू येऊ लागते. कोणी लबाडी केली नव्हती. पण आणखी कसून तपासणी झाली, तेव्हा एकोणसाठ सेकंदांचा ठेका टिकला नाही. ज्या शास्त्रात सापडलेली गोष्ट सोडून देण्याची सोय नसते, त्या शास्त्रात काहीच खऱ्या अर्थाने सापडत नाही, हे तेव्हा पुन्हा एकदा दिसले.

दरम्यान बिन्यामी, पात्रिझिया काराव्हेओ आणि त्यांचे सहकारी यांनी शोधाचा घेरा आवळत आणला. त्या जागेजवळ क्ष-किरणांचा एक उगम, मग त्या जागी एक अत्यंत अंधुक निळसर तारा. अखेर १९९२ साली ज्युल्स हॅल्पर्न आणि स्टीफन होल्ट यांनी रोसॅट उपग्रहाच्या क्ष-किरण नोंदींत ठेका पकडला : ०.२३७ सेकंद. लगेच कॉम्प्टन उपग्रहाच्या गॅमा नोंदी त्या लयीवर लावून पाहिल्या. थापा समेवर आल्या. आणि मग जुन्या वह्या उघडल्या गेल्या. कॉस-बीच्या नोंदी, अगदी सात महिने जगलेल्या सॅस-२ च्याही नोंदी त्याच लयीवर मांडल्या, तेव्हा तोच ठेका त्यांतूनही निघाला. उत्तर वीस वर्षे घरच्याच कपाटात होते. ते वाचण्याची किल्ली तेवढी नव्हती. ज्याला ‘नाही’ म्हटले, तो होता. सेकंदाला चार फेऱ्या घेत, सुमारे आठशे प्रकाशवर्षांवर. आणि जो एकोणसाठ सेकंदांचा ठेका ‘आहे’ म्हटला, तो नव्हता.

गेमिंगा रेडिओत गप्प का? रेडिओचा झोत अरुंद असतो, गॅमाचा पंख्यासारखा रुंद. अरुंद झोत आपल्याला चुकवून जातो, रुंद झोत गाठतो. तेव्हा रेडिओत न दिसणारे असे आणखी पुष्कळ असले पाहिजेत, हे अनुमान निघाले. आणि फर्मीने ते खरे केले. फर्मीपूर्वी असे गॅमा-स्पंदक सहा-सात ठाऊक होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तिसऱ्या सूचीत २९४ आहेत.

या सूचीत आपल्या घरची एक बाब आहे. तिच्यातले जवळजवळ निम्मे तारे सेकंदाला शेकडो फेऱ्या घेणारे आहेत. जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढून घेऊन म्हातारपणी पुन्हा गिरकी मिळविलेले. फर्मीने ठिपका दाखवावा आणि रेडिओ-दुर्बिणीने तेथे ठोका शोधावा, अशी ही सहकारी शेती आहे. तीत जुन्नर तालुक्यातील खोडदच्या दुर्बिणीचा वाटा आहे. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या त्या तीस तबकड्या नारायणगावच्या रस्त्याने जाताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. एका तबकडीचा व्यास पंचेचाळीस मीटर. भास्वती भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथून फर्मीच्या अशाच एका अनोळखी ठिपक्यात २.१६ सहस्रांश सेकंदांचा ठोका शोधला आणि २०१३ साली प्रसिद्ध केला. तो तारा आपल्या लहानग्या जोडीदाराभोवती सुमारे तीन तासांत फेरी पुरी करतो आणि स्वतःच्या माऱ्याने त्याला झिजवीत आहे. नराला खाणाऱ्या कोळिणीचे नाव या जातीला पडले आहे. ठोका कळल्यावर फर्मीच्या नोंदींतूनही त्याची सम निघाली. जमिनीवरून गॅमा किरण पाहण्याचा प्रयत्नही आपल्या देशात जुना आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी उटीच्या डोंगरावर, पुढे पचमढीस, वातावरणात उमटणारी निळी क्षणिक लकाकी टिपण्यासाठी रात्री जागविल्या. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने लडाखमध्ये हानले येथे एकवीस मीटर व्यासाची अशी दुर्बीण उभी राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले.

आता शेवटचा प्रश्न, जो भाषणानंतर कोणीतरी हमखास विचारतो, म्हणून आम्हीच विचारून टाकतो. ज्या देशात अजून गावोगाव पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते, तेथे या ताऱ्यांचा उपयोग काय?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळीचे उत्तर देऊन पळ काढणे आम्हाला पसंत नाही. पाणी या ताऱ्यांपासून मिळणार नाही. सेकंदाला शेकडो फेऱ्या घेणारे तारे ही उत्तम घड्याळे आहेत आणि त्यांच्या ठोक्यांत पडणाऱ्या किंचित फरकांवरून गुरुत्वीय लहरींची चाहूल लागते. जून २०२३ मध्ये जगातल्या अनेक गटांनी असा पुरावा मांडला, त्यांत खोडदच्या दुर्बिणीवर काम करणारा भारतीय गटही होता. पण हेही उत्तर पुरते नाही, कारण गुरुत्वीय लहरींनीही विहीर भरत नाही.

आमचे उत्तर वेगळे आहे. विहीर कोठे खणावी, धरणात किती पाणी आहे, औषध गुणकारी आहे की नाही, हे प्रश्नदेखील थोड्या नोंदींवरून खरे काय ते ठरविण्याचेच प्रश्न आहेत. तेथेही आपल्याला हवी ती सम ऐकू येण्याचा मोह असतो. तेथेही एकोणसाठ सेकंदांचे ठेके रोज जाहीर होतात. फरक इतकाच की, तेथे ते मागे घेण्याची रीत अजून पडलेली नाही. नोंद इमाने ठेवणे, ती फेकून न देणे, दुसऱ्याला तपासू देणे आणि चुकलो तर चुकलो म्हणणे, ही सवय समाजाला कोठे तरी शिकावी लागते. जेथे स्वार्थ नाही, मतांची गणती नाही, नफा-तोटा नाही, अशा दूरच्या ताऱ्यावर ती शिकणे सोपे जाते. ज्या समाजातली काही मुले अशा कामात वाढतात, त्या समाजाला विहिरीचा हिशेबही खरा ठेवता येण्याची आशा असते. नुसत्या आशेवर सरकारी पैसा खर्च करावा काय, हे आपण ठरवावे. आम्ही आमचे मत दिले.

सभा सुटल्यावर घरी जाताना क्षणभर पश्चिमेकडे पाहा. मिथुन राशी अजून मावळलेली नाही. तिच्या पायथ्याशी गेमिंगा आहे. आपल्या पुण्याच्या परिसरातून तो दररोज जवळजवळ बरोबर माथ्यावरून जातो. आपल्याला तो दिसणार नाही. कोणालाच नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. पण तो तेथे आहे, हे आता आपण कोणाच्या शब्दावर न विसंबता, कारणांसह दुसऱ्याला सांगू शकाल. एवढे साधले असेल, तर चालकांना दिलेला शब्द आम्ही पाळला असे समजू.